दोन गुंजांची नळी

बी.कॉम. झालेल्या माणसाला विमानातलं काय कळतं, हा प्रश्न आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी विचारला जातो. विचारणारी व्यक्ती इयत्ता आठवीत आहे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नसतो. आठवीत माणसाला सगळंच कळत असतं. ते पुढे वर्षाला थोडं थोडं कमी होत जातं आणि बी.कॉम.पर्यंत माझ्याइतकं उरतं.

तरीही मी नम्रपणे सांगू इच्छितो की विमान हा मुळात हिशेबाचा विषय आहे. ज्याला जमा-खर्च कळतो, त्याला विमान कळतं. रबराला दिलेला पीळ ही जमा, आणि वजन हा खर्च. खर्च कमी केला की शिल्लक हवेत राहते. बँकेत तेवीस वर्षं मी दुसरं काय करतो आहे?

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोहगाव आलं असेल. तसं नाही. हे विमान घरात उडतं. दारं-खिडक्या बंद करून. त्याला वारा चालत नाही, छताचा पंखा चालत नाही, जवळ उभ्या असलेल्या माणसाचा सुस्कारासुद्धा चालत नाही. त्याला इंजिन नाही, बॅटरी नाही. नाकावर एक पंखा, शेपटीकडे एक आकडा आणि दोघांच्या मधे रबर. रबराला पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं. पीळ उलगडतो, पंखा फिरतो, विमान उडतं. पीळ हा आमच्या पेठांमधला स्थानिक माल असताना या छंदाची भरभराट परदेशात का झाली, हे मला कळलेलं नाही.

पण झाली खरी. पॅरिसच्या त्विलरी बागेत १८ ऑगस्ट १८७१ रोजी अल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने पिळाच्या रबरावरचं विमान चारचौघांदेखत उडवलं. ते ११ सेकंदं हवेत होतं आणि १३१ फूट गेलं. पुढे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी पोरांसाठी पेनोच्याच कल्पनेवरचं एक उडतं खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि रबर, एवढाच मालमसाला. ते मोडेपर्यंत दोघे भाऊ खेळले आणि १९०३ साली त्यांनी स्वतःचं विमान काढलं. त्याचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. म्हणजे हिशेब मांडला तर बत्तीस वर्षांत वेळेत एका सेकंदाचा नफा आणि अंतरात अकरा फुटांचा तोटा. अर्थात राइटांच्या विमानात माणूस होता. तो खर्च वेगळा दाखवायला हवा. आपल्याकडे १८९५ साली तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. त्याचं वजन किती होतं ते मात्र कोणी सांगत नाही, म्हणून ती रक्कम मी वहीत धरलेली नाही.

आमच्या घरात हे विमान शाळेच्या सहलीतून शिरलं. शाळेने मुलांना आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत नेलं होतं. कचऱ्यातून खेळणी करण्याची विद्या अरविंद गुप्तांनी तिथे बसून वर्षानुवर्षं मुलांना शिकवली, आणि त्याबद्दल त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आमच्या कन्येने घरी येऊन पहिल्यांदा घरातला कचरा तपासला आणि मग जाहीर केलं, "बाबा, मला मोटर ट्यूब हवी आहे."

आता आमचा वाडा बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या मागे. तपकीर गल्लीत विजेची वस्तू मिळत नाही असं होत नाही. मी पहिल्याच दुकानात गेलो आणि म्हणालो, "मोटर ट्यूब आहे का?"

"किती एचपीची मोटर?"

"रबराची आहे."

दुकानदाराने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "म्हणजे मोटारीची ट्यूब. पंक्चरवाल्याकडे जा."

पंक्चरवाल्याने गाडी कुठे उभी आहे ते विचारलं. मी घरी आलो.

घरी कळलं की या धंद्यात मोटर म्हणजे ते पिळाचं रबर, आणि ट्यूब म्हणजे त्या रबराला वरून धरून ठेवणारी नळी. विमानाची पाठच म्हणा ना. हे कळलं ते कन्येकडून, आणि तिला कळलं नानांकडून. इथे माझ्या कपाळाला आठी पडली, आणि का पडली ते सांगण्यासाठी वाड्याचं राजकारण सांगणं भाग आहे.

आम्ही सात भाडेकरू. वाड्याचा 'विकास' होणार अशी बातमी आली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून वाड्यात दोन पक्ष आहेत. एक 'सही करून टाका' पक्ष आणि दुसरा 'थांबा जरा' पक्ष. पहिल्या पक्षाचं म्हणणं, संडासाला रांग लावता लावता तिसरी पिढी म्हातारी झाली. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, म्हातारी झाली ना? मग इथली हवा चांगली असली पाहिजे. तीन वर्षांत दोन्ही पक्ष एकमेकांशी दोनच प्रसंगी बोलले आहेत. एक वकिलामार्फत, आणि दुसरं नळाला पाणी आल्यावर. आम्ही पहिल्या पक्षात आहोत. म्हणजे आमची ही आहे, आणि मी तिच्या खात्यात सहधारक आहे.

वरच्या मजल्यावरचे नाना हे 'थांबा जरा' पक्षाचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार. वय अठ्ठ्याहत्तर. खडकीच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. त्यांच्या हातातली वस्तू अजूनही गोल होऊनच बाहेर येते. मालक कोथरूडला राहायला गेले तेव्हा दिवाणखान्याची किल्ली नानांकडे देऊन गेले. हेच नाना कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होते आणि तिथे एरोमॉडेलिंग शिकले होते, ही गोष्ट आमच्या पक्षाच्या गुप्तहेरांना तीन वर्षांत कळली नव्हती. ती आमच्या कन्येने जिन्यात उभं राहून तीन मिनिटांत काढली.

पहिल्या दिवशी नानांनी कन्येला बोलावलं आणि मागोमाग मीही गेलो. पक्षशिस्त म्हणून दारातच उभा राहिलो.

"काय हो बँकवाले, आत या. सही मागत नाही तुमची," नाना म्हणाले. मग त्यांनी वहीतला एक कागद फाडून त्याची नळी गुंडाळली. कडा नुसत्या एकमेकींना टेकवल्या आणि कन्येला म्हणाले, "पिळून बघ." तिने दोन्ही टोकं धरून पिळली. नळी काही तक्रार न करता पिळली गेली. मग त्याच कडा त्यांनी डिंकाने जोडल्या, वाळू दिल्या आणि पुन्हा म्हणाले, "आता पीळ." आता नळी हलेना.

"कागद तोच, वजन तेच," नाना म्हणाले. "फक्त तोंड मिटलं. तोंड मिटलं की माणूस पिळला जात नाही."

त्यांनी 'माणूस' म्हटलं की 'नळी', ते मला नीट ऐकू आलं नाही. पण हिशेब मी नंतर कन्येच्या मदतीने करून पाहिला. ६ मिलिमीटर जाडीची आणि कागदासारख्या पातळ भिंतीची नळी शिवणीला जोडलेली असेल, तर ती उघड्या शिवणीच्या नळीपेक्षा पिळाला शंभराहून अधिक पटींनी ताठ राहते. खर्च डिंकाचा एक थेंब, परतावा शंभर पटींहून अधिक. असली योजना आमच्या बँकेने काढली तर रांग सिटी पोस्टापर्यंत जाईल.

नळीच का, भरीव काडी का नाही, हेही नानांनी सांगितलं. रबराला पीळ भरला की ते दोन कामं करतं. एक म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांकडे ओढतं, त्यामुळे पाठ धनुष्यासारखी वाकू पाहते. दुसरं म्हणजे पाठीलाच उलटा पीळ घालू पाहतं. पाठ वाकली की पंख्याचं नाक खाली जातं, पाठ पिळली की शेपूट तिरपी होते, आणि विमान कपाटावर आदळतं. वाकणं आणि पिळणं या दोन्हींशी झगडणारा माल काठाकाठानेच असतो, मधला माल नुसता पगार खातो. म्हणून मधला काढून टाकायचा. मी लगेच आमच्या शाखेचा विचार केला, पण तो मुद्दा इथला नाही.

आता राहिलं एवढंच, की नळी कशाची करायची.

मी एक वही घातली. तीन रकाने. माल, वजन, सेकंदं. वजन करायला सोन्या मारुती चौकातला एक सराफ मित्र होता. त्याच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. पण मिलिग्रॅम हा शब्द त्याच्या वडिलांना मान्य नाही, ते अजून गुंजांत बोलतात. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची होते. आमची वही त्यामुळे गुंजांत आहे.

पहिली नोंद पतंगाच्या कामटीची. भरीव बांबू, चौदा गुंजा, चार सेकंदं. ते उड्डाण नव्हतं, टेबलावरून जमिनीवर यायला लागलेला वेळ होता.

दुसरी नोंद शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या नळीची. १ जुलै २०२२ पासून देशभर त्यावर बंदी आहे, पण आमच्या हिने २०१९ सालच्या एका मुंजीतल्या उरलेल्या बारा नळ्या जपून ठेवल्या होत्या. चार गुंजा. वजन छान. पण पीळ भरल्याबरोबर ती वाकून नमस्कार करू लागली. नऊ सेकंदं. बंदीनंतर आलेली कागदी नळी नऊ गुंजांची निघाली आणि सहा सेकंदांत खाली आली. शिवाय श्रावण होता, हवेतल्या दमटपणाने ती दुपारपर्यंत खचली.

मग कन्येने निसर्गाकडे मोर्चा वळवला. मागच्या अंगणात पपई आहे. पपईच्या पानाचा देठ आयता पोकळ. ताजा असताना जड, वाळल्यावर सुरकुतलेला. नोंद रद्द. मग नानांनी भेंड आणवलं. बाशिंगं ज्याची करतात ते भेंड, आणि साहेबाची सोला हॅट ज्याची व्हायची तेही हेच. ते इतकं हलकं, की काट्यावर ठेवलं तरी काट्याला पत्ता नाही. पण त्यात ताण सोसणारे धागे नाहीत. पहिल्याच पिळाला मोडलं. "बाशिंगाला चालतं," नाना म्हणाले. "नवऱ्यामुलाला पीळ बसतो तो बाशिंग उतरल्यावर."

त्यानंतर पतंगाच्या कागदाची नळी. स्वेटर विणायच्या सुईवर कागदाचे चार वेढे, मधे खळ. ही सुई तुळशीबागेतून आणली. सहा मिलिमीटरची सुई मागणारा मी पहिलाच पुरुष असावा, कारण बाईंनी "कितव्या महिन्यात आहेत वहिनी?" असं विचारलं. नळी पाच गुंजांची झाली आणि तिने ३१ सेकंदं काढली! पेनो गेले, राइट बंधू गेले. कन्या जिन्यावरून ओरडत खाली आली आणि वाड्यातल्या दोन्ही पक्षांना वाटलं, सही झाली.

पण नाना खूश नव्हते. त्यांनी मला कोऱ्या कागदाचं वेगळं वजन करून आणायला लावलं. पाच गुंजांतल्या दोन गुंजा नुसत्या खळीच्या निघाल्या. "हे बघा," ते म्हणाले, "माणसं माल हलका शोधतात आणि चिकटवायला हात सैल सोडतात. जोड हा मालापेक्षा जड असता कामा नये." तेव्हापासून आमच्याकडे चिकटवायचं काम सुईच्या टोकाने चालतं.

एवढ्यात कन्येच्या मामाने कार्बन फायबरची दोन मिलिमीटरची नळी पाठवली. महाग वस्तू. मामा पाठवतात तशी. सहा गुंजा, ४४ सेकंदं. ताठपणा असा, की रबर थकलं पण नळी वाकली नाही. मी म्हटलं, झालं, मालाचा प्रश्न सुटला. नानांनी मान हलवली. ते म्हणाले, "ताठ आहे, पण हिला जाड व्हायला जागा नाही."

हे वाक्य कळायला मला दोन दिवस लागले, आणि या सगळ्या प्रकरणाचं मर्म तेच आहे असं आता मला वाटतं. तुम्हीही हिशेब करून बघा. २५ सेंटिमीटर लांब, ६ मिलिमीटर जाड आणि ०.४ मिलिमीटर भिंतीची नळी घ्या. तिच्यात दोन घनसेंटिमीटरला थोडा कमी माल लागतो. तो ॲल्युमिनियमचा असेल तर नळी चाळीसेक गुंजांची. कार्बनची असेल तर तेवीस. हलक्या बाल्साची असेल तर दीड-पावणेदोन! आता कार्बनला तेवढ्या वजनात बसवायचं म्हटलं, तर भिंत इतकी पातळ होईल की नळी बोट लागताच पिचकेल. जड माल हलका करायचा म्हणजे त्याला पातळ व्हावं लागतं, आणि फार पातळ झालं की ताकद असूनही उपयोग नाही. हलक्या मालाला मात्र ऐसपैस राहता येतं.

बाल्सा हे इक्वेडोरकडचं झाड. सहा-आठ वर्षांत तोडायला येतं, इतकं भरभर वाढतं. भरभर वाढताना आत पेशींच्या मोठमोठ्या खोल्या बांधतं आणि भिंती पातळ ठेवतं. एक लिटर जागेत सागवान साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, तर हलका बाल्सा शंभर. बाकी सगळी हवा. शास्त्रज्ञांनी त्याला वर्गवारीत 'हार्डवुड' म्हणजे कठीण लाकडांत घातलं आहे. त्यावरून शास्त्रज्ञांकडेही आमच्यासारखेच फॉर्म असावेत असं दिसतं. याच लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून थोर हायरडाल १९४७ साली पेरूहून निघून १०१ दिवसांत प्रशांत महासागरातल्या बेटांना लागले. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाच्या अंगातही बाल्साच होता.

नानांनी मला छंदाच्या दुकानात पाठवलं ते सूचना देऊन. एकाच मापाच्या सगळ्या फळ्या हातात घेऊन बघायच्या, कारण त्यांच्या वजनात दुपटीचा फरक असतो. सगळ्यात हलक्या चार काढायच्या. त्या चारांतून आडव्या अंगाने जी पोस्टकार्डासारखी वाकते ती घ्यायची. ताठ राहते ती पंखांच्या कामाची, तिची नळी वळताना चिरते. मी दुकानात अर्धा तास फळ्या वाकवत होतो. दुकानदाराने शेवटी विचारलं, "बँकेत का?"

पुढचं काम नानांचं. फळी घासून कागदासारखी पातळ केली, गरम पाण्यात भिजवली, विणायच्या सुईवर गुंडाळली, वरून पट्टी बांधली आणि हिच्या केकच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर अर्धा तास ठेवली. 'थांबा जरा' पक्षाची वस्तू आमच्या ओव्हनमध्ये! हिने काही म्हटलं नाही. उलट मधे एकदा दार उघडून "फुगली का?" म्हणून पाहिलं. मग शिवण सुईच्या टोकाने जोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, पण थेंब ठेवताना कापत नव्हता. थेंब ठेवून झाल्यावर कापायचा.

सराफाच्या काट्यावर नळी चढली. २४३ मिलिग्रॅम. "दोन गुंजा!" म्हातारेबुवा म्हणाले. मग चष्मा पुसून म्हणाले, "घडणावळ किती घेतली?"

मी म्हटलं, "आठवीतल्या मुलीशी बोलणं."

"मग महाग पडलं नाही," ते म्हणाले.

अर्थात जगात यापुढची माणसं आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं घरात उडणारं विमान रबर सोडून १.४ ग्रॅमपेक्षा हलकं चालत नाही, आणि रबर ०.४ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आपलं हल्लीचं एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅमचं आहे. म्हणजे रबर सोडलं तर अख्खं विमान आठ आण्यांपेक्षाही कमी. आणि ते अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहतं! त्यासाठी लोक रुमेनियात स्लानिक नावाच्या गावी मिठाच्या खाणीत जातात. जमिनीखाली दोनशे मीटर, आणि खाणीचं छत पन्नास मीटरहून उंच. कारण छत जितकं उंच, तितका वेळ अधिक. उंची चौपट झाली तर वेळ दुप्पट, असा ढोबळ हिशेब आहे.

बुधवार पेठेत मिठाची खाण नाही. दिवाणखाना आहे. उंची चौदा फूट.

रविवारी सकाळी सहाला नानांनी कुलूप काढलं. पहाटेची वेळ एवढ्यासाठी, की गल्लीत टेंपो नसतो. पण त्या दाराला तेल मिळून वर्षं झाली होती, आणि ते असं किंचाळलं की सातही बिऱ्हाडं जागी झाली. 'सही करून टाका'वाल्यांना वाटलं, नानांनी मालकाला परस्पर बोलावलं. 'थांबा जरा'वाल्यांना वाटलं, नाना फुटले. पाच मिनिटांत दोन्ही पक्ष दिवाणखान्यात हजर. कोणी टॉवेलवर, कोणी हातात दुधाची पिशवी घेऊन.

"आलाच आहात तर भिंतीला टेका," नाना म्हणाले. "आणि कोणी बोलू नका. श्वाससुद्धा खाली तोंड करून घ्या."

तीन वर्षांत वाड्याच्या सभेत हा ठराव प्रथमच एकमताने मंजूर झाला.

नानांनी एरंडेल लावलेल्या रबराला हातड्रिलने सहाशे पीळ दिले. कन्येने नळी दोन बोटांत धरली. फेकली नाही, नुसती सोडली. नाकावरचा पंखा इतक्या सावकाश फिरत होता, की त्याची पाती मोजता येत होती. विमान माणसाच्या चालीने पुढे गेलं, डावीकडे वळलं आणि गोल गोल वर चढू लागलं. आवाज नाही. वर हंड्या-झुंबरांची कडी नुसती लोंबत होती, त्यांच्यामधून ते गेलं. कडीपाटाला हात लावावा तसं एकदा टेकलं, क्षणभर विचारात पडलं आणि तसंच गोल फिरत खाली येऊ लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पक्षांच्या माना एकाच दिशेने फिरत होत्या. तळमजल्यावरच्या काकूंनी दुधाची पिशवी छातीशी धरली होती. आमच्या हिने नकळत त्यांच्याच खांद्यावर हात ठेवला होता, आणि दोघींमधे जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून दिवाणी दावा चालू आहे.

६८ सेकंदं.

विमान जमिनीला टेकलं तरी कोणी बोललं नाही. शेवटी नानांनीच कन्येला विचारलं, "नव्या जागेत छत किती असणार गं?"

"साडेनऊ फूट, आजोबा. नकाशात आहे."

"मग तिथे हे किती उडेल?"

तिने वहीच्या मागच्या पानावर वर्गमूळ काढलं. "छप्पन्न."

नाना जरा वेळ वर कडीपाटाकडे बघत राहिले. "म्हणजे बारा सेकंदं गेली," ते म्हणाले. "अख्खे राइट बंधू गेले की!"

कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. मग लक्षात आलं की हे हसण्याचं नाही, तेव्हा सगळे आपापल्या बिऱ्हाडी दात घासायला गेले.

पुढच्या महिन्यात विकसकाचा इंजिनिअर कागद घेऊन आला. नाना म्हणाले, "सही करतो. एक अट. सोसायटीचं जे सभागृह होईल, त्याची आतली उंची चौदा फूट हवी."

इंजिनिअर म्हणाला, "आजोबा, सभागृहाला दहा पुरे होतात. चौदा कशाला? सगळा नकाशा बदलावा लागेल." आणि त्याने मदतीसाठी 'सही करून टाका' पक्षाकडे पाहिलं. तिथे आमची ही बसली होती. "चौदाच हवेत," ती म्हणाली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आणि पंखे भिंतीला. छताला नकोत." इंजिनिअरने कागद गोळा केले. वाड्यात फूट आहे अशी त्याला खात्रीलायक माहिती होती. फूट होतीच, चौदा होती.

मसुदा सध्या वकिलाकडे आहे. सभागृहाच्या उंचीचं कलम अकरावं आहे. 'कारण' या रकान्यात नानांनी एकच शब्द लिहिला होता, 'हवेसाठी'. वकिलाने टाइप करताना त्याचं 'नैसर्गिक वायुविजनाच्या प्रयोजनार्थ' असं केलं. दोन गुंजांच्या शब्दाचा सव्वा तोळा झाला. मी तक्रार करणार होतो, पण कन्येचं मत वेगळं पडलं. तिचं म्हणणं, विमान उडायला हवं, कलम उडता कामा नये. तेव्हा त्याला वजन असलेलंच बरं.